गरुडाची चोच, सिंहाची झोप

प्रश्न : सर, आमचा मुलगा लातूरला खोली करून नीटची तयारी करतोय. क्लासमध्ये एक भाषण झालं, तेव्हापासून त्याचं वागणंच बदललंय. गरुड म्हणे चाळिशीला डोंगरावर जातो, चोच खडकावर आपटून पाडतो, नखं-पिसं उपटतो आणि पाच महिन्यांनी नवा होऊन आणखी तीस वर्षं जगतो. भिंतीवर सिंहाचं पोस्टर लावलंय. सिंह एकटा असतो, घोळका डुकरांचा, असं म्हणून खोलीतल्या पोरांशी बोलत नाही. झोप चार तास. हे खरं असतं का?
– एक आई, अहमदपूर तालुका

उत्तर : ताई, साफ खोटं आहे. अंबाजोगाईत मी आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवलं. ही गरुडाची गोष्ट ऐकली की मला राग येतो. लेकरांना ती स्वतःचे हाल करून घ्यायला शिकवते.

चोच म्हणजे हाडावरचं केराटिनचं कवच. आपल्या नखासारखं ते वाढत राहतं आणि वापरानं झिजतं. चोचच तुटली तर मांस फाडणार कशानं? पाच महिने लांबच, गरुड त्याआधीच उपाशी मरेल. अमेरिकेत पायात कडी घातलेला पांढऱ्या डोक्याचा एक गरुड 2015 मध्ये मेलेला सापडला. तो 38 वर्षांचा होता, आणि तेवढ्या वयाचीसुद्धा तेव्हा मोठी बातमी झाली. मग ही चाळीस अधिक तीस वर्षं आणायची कुठून?

पिसांचं तर लातूरच्या गच्चीवरूनही दिसतं. घिरट्या घालणाऱ्या घारीकडे नीट बघायला सांगा. पिसं गळायच्या दिवसांत तिच्या पंखात एखाद्या पिसाची फट असते, समोरच्या पंखातही साधारण तिथंच. जुनं थोडं गळतं, नवं येतं, आणि तेवढ्यात तिचं उडणं, पोट भरणं चालूच असतं.

सिंह कुटुंबात राहतो. शिकार बहुतेक वेळा माद्या मिळून करतात, आणि त्यातल्या बऱ्याच शिकारी हुकतात. दिवसाचे सोळा-वीस तास तो पडून असतो. उलट आपल्या उसात घुसणाऱ्या रानडुकरांत माद्या-पिल्लं कळपानं असतात. थोराड नरच एकटा फिरतो.

पोस्टर तुम्ही काढू नका, हे सगळं वाचून त्याला ठरवू द्या. झोप मात्र सात तास झालीच पाहिजे, तिथं ऐकून घेऊ नका. रात्री वाचलेलं डोक्यात पक्कं होतं ते झोपेतच. आणि पुढच्या डब्यात धपाटे, शेंगदाण्याची चटणी खोलीतल्या सगळ्या पोरांना पुरेल एवढी द्या. तरीही तो गप्पच राहिला, जेवण तुटलं, तर फोनवर भागवू नका. लातूरला जाऊन त्याला डॉक्टरांना दाखवा.