‘डचमन’ पहिल्यांदा बसवताना

अमेरिकन नाटककार अमिरी बराकांचं ‘डचमन’ (1964) हे नाटक बसवायला हातात घेतलंत, छान! दोनच प्रवेश, न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेचा एक डबा. नेपथ्यात अडकू नका.

नवखे दिग्दर्शक गोऱ्या लूलाला पहिल्या वाक्यापासूनच खलनायिका करतात. मग कृष्णवर्णीय क्ले तिच्यापाशी थांबतो कशाला, हे प्रेक्षकांना पटत नाही. आधी मोह खरा वाटू द्या. लूला क्लेला सफरचंद देते, तिथे घाई नको.

- क्ले सुरुवातीपासून चिडका नको. सूट-टायमधला, सभ्य, आवरलेला राहिला तरच शेवटचं मोठं भाषण पेटतं.
- दुसऱ्या प्रवेशातले प्रवासी शोभेचे नाहीत. लूला क्लेचा खून करते, त्यानंतर प्रेत तेच बाहेर टाकतात, त्यांनाही तालमीला बोलवा.
- स्पर्श आणि सुरीची प्रत्येक हालचाल नटांच्या संमतीने ठरवा, आधी संथ गतीत बसवा. सुरी बोथटच हवी.

शीर्षकातलं जहाज (दंतकथेतलं ‘फ्लाइंग डचमन’), आदम-हव्वा वगैरे प्रतीकं नंतर बघू.