वाचक विचारतात : कामावरची मजा आणि चहाची रांग

प्रश्न : बेळगावच्या उद्यमबागेत आमचं मशीन शॉप आहे, माणसं 42. वर्षातून एकदा हॉल घेऊन जेवण आणि ऑर्केस्ट्रा ठेवतो, 40,000 रुपये जातात. दर वाढदिवसाला केक असतो. तरी जेवण झालं की तासाभरात सगळे पसार. खेळीमेळीचं वातावरण यावं म्हणून आणखी काय करावं?

उत्तर : आणखी काही नको, आधी चहाची रांग मोजा. किटली एक, ओतणारा एक. माणशी 12 सेकंद धरले तरी शेवटच्या माणसाच्या हातात कप पडायला आठ मिनिटांहून जास्त लागतात. सुट्टी 10 मिनिटांची असेल तर त्याने भाजत्या चहासकट मशीनकडे पळायचं. मग गप्पा कुठल्या! 42 जणांना 90 मिलीप्रमाणे पावणेचार लिटर चहा लागतो. दोन-दोन लिटरचे दोन थर्मास शॉपच्या दोन टोकांना ठेवा. पहिल्याच आठवड्यात फरक दिसेल.

दुसरी गोष्ट यात्रेची. आपल्या भागात प्रत्येक गावची यात्रा वेगळी, आणि पाहुणे घरी आलेले असताना घरचा माणूस लेथ मशीनवर उभा राहणार नाही. तो दांडी मारतो, तुम्ही पगार कापता, त्याचं तोंड महिनाभर फुगलेलं. त्यापेक्षा जानेवारीत एक वही फिरवा : नाव, गाव, यात्रेचा महिना, किती दिवस हवेत. नक्की तारीख ठरेल तशी भरायची. एकाच गावचे पाच जण असतील तर कोण आधी जाणार आणि कोण नंतर, ते त्यांनाच ठरवू द्या. ते तुमच्याहून बरं जमवतात. ओडिशा-बिहारकडच्या कामगारांनाही त्याच वहीत जागा द्या. बिहारकडची छठपूजा दिवाळीनंतर सहाव्या दिवशी येते, म्हणजे नेमकी तुम्ही सगळे परत कामावर यायला सांगता तेव्हा. यात्रेची रजा नाकारणाऱ्या सुपरवायझरने केक भरवला तर तो गोड लागत नाही.

हे झालं की कॅरम आणा. 74 सेंटिमीटर चौरस खेळाच्या जागेचा पूर्ण मापाचा बोर्ड घ्या, स्वस्तातला छोटा नको. मशीन शॉपमधले बोर्ड दोन महिन्यांत बाद होतात, त्याचं कारण खेळणारे नसून हात असतात. कूलंट-तेलाची बोटं प्लायवर लागली की पावडर त्यात चिकटून चिखल होतो. बाहीला अडकून आलेला धातूचा बारीक कीस लाकडात रुततो आणि स्ट्रायकर त्यावर ठेचकाळतो. म्हणून बोर्ड हात धुण्याच्या जागेपलीकडे, जेवणाच्या खोलीत ठेवा. 42 जणांना निदान तीन बोर्ड हवेत, नाहीतर तेच चौघे बसतात आणि बाकीचे बघतात. नियम एकच : जिंकलेली जोडी उठते. हरलेली उठवली तर नवशिक्या परत फिरकत नाही.

पैशाचं म्हणाल तर 40,000 भागिले 42 भागिले 12, म्हणजे महिन्याला माणशी जवळपास 80 रुपये. सगळ्यांचे मिळून होतील तेवढे दरमहा चार कामगारांच्या हातात द्या, त्यात एक तरी नवा असावा. कुंदा आणायचा की मिरची भजी, ते त्यांनी ठरवावं. मालकाने फक्त हिशोब बघावा, मेन्यू नव्हे.

प्रश्न : मच्छेच्या आमच्या फाउंड्रीत (धातू ओतायच्या कारखान्यात) मराठी, कानडी आणि हिंदी बोलणारे वेगवेगळे बसतात. अंताक्षरी ठेवली तर भांडणच झालं.

उत्तर : होणारच. गाणी आली की भाषा आली. रस्सीखेच, व्हॉलीबॉल असे हात-पायांचे खेळ घ्या. संघ नावाच्या चिठ्ठ्या टाकून काढा. विभागवार काढले तर मोल्डिंगमध्ये एकाच गावचे असतात आणि पुन्हा तेच गट पडतात. सूचना कानडी, मराठी, हिंदी तिन्हींत लावा. तारीख-वेळ मोठ्या आकड्यांत.

एक मस्करी मात्र आजच बंद करा : कॉम्प्रेसरची नळी कुणाच्या अंगावर, कपड्यात धरणं. दाबाची हवा शरीरात शिरून आतडं फाटतं, माणूस जातो. इथे समज देऊन सोडायचं नाही.

प्रश्न : निपाणीच्या एका ऑफिसात आम्ही 14 जण, त्यात तिघी बायका. व्हॉट्सअॅप ग्रुपवर अचकट विनोद, टोपणनावं, आणि बोललं की 'मजेत घ्या ना'. पार्ट्याही संध्याकाळी सातनंतर.

उत्तर : ताई, ज्याची थट्टा होते त्याला हसू आलं तरच ती थट्टा. ग्रुप कामापुरता ठेवायला सांगा. त्याने भागलं नाही तर कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा आहे. 10 किंवा जास्त कर्मचारी असले की अशा तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती बंधनकारक. अध्यक्ष वरिष्ठ महिला, निम्म्या तरी सदस्य महिला, एक सदस्य बाहेरचा. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत लेखी द्यायची. मेसेज पुसू नका, तारखेसह स्क्रीनशॉट ठेवा. पार्टी कामाच्या शेवटच्या तासात ठेवा म्हणावं. शेवटची बस चुकवून कुणी आनंदाने नाचत नाही.

प्रश्न : खंडेनवमीला कामगारांच्या मुलाबाळांना बोलवावं का?

उत्तर : जरूर, पण मेन स्विच बंद करून कुलूप लावून. सीएनसीच्या (संगणकावर चालणाऱ्या मशीनच्या) कीपॅडवर ओलं कुंकू नको, दरवाजाच्या पत्र्यावर लावा. कोहळा फाटकाबाहेर फोडा, शॉपच्या गुळगुळीत फरशीवर त्याच्या फोडींवरून माणूस हमखास घसरतो. आणि दुसऱ्या दिवशी सुरू करण्याआधी प्रत्येक चकवरचा (मशीनच्या फिरत्या जबड्यावरचा) हार काढला का, हे एकाने हिंडून बघावं. दोऱ्यासकट हार फिरला की हातही ओढला जातो.