बंट, नो-हिटर आणि 'अलिखित नियम' : नियम म्हणावं की संकेत?

प्रश्न असा आला आहे : "बेसबॉलवरच्या लेखात मी लिहिलं, 'नो-हिटर चालू असताना बंट करून बेन डेव्हिसने अलिखित नियम मोडला.' एका मित्राचं म्हणणं, लिहिलेलाच नाही तर नियम कसला? हा वदतोव्याघात आहे, 'संकेत' लिही. एक मैत्रीण म्हणते, 'खिलाडूवृत्तीला धरून नाही' एवढं पुरे. बरोबर काय?" (नो-हिटर म्हणजे पिचरने, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याने, समोरच्या संघाला एकही 'हिट' न दिलेला सामना. बंट म्हणजे चेंडू न टोलवता बॅटने नुसता अडवणं. दोन्हींबद्दल पुढे सविस्तर येईलच.)

वदतोव्याघाताचा आक्षेप टिकणारा नाही. 'नियम' या शब्दाच्या पोटात लिहिण्याचा मागमूसही नाही. 'यम्' म्हणजे आवरणं, काबूत ठेवणं. त्यातून तो आला. योगशास्त्रातले पाच नियम पाहा : शौच, संतोष, तप, स्वाध्याय, ईश्वरप्रणिधान. ही माणसाने स्वतःला घालून घ्यायची बंधनं आहेत. निसर्गनियमही कुणी कागदावर उतरवला म्हणून लागू होत नाही. मराठी घरातलं पोर शाळेत जायच्या आधीच 'घोडाला' न म्हणता 'घोड्याला' म्हणायला लागतं, तेही नियमानेच. तेव्हा 'अलिखित नियम' हा प्रयोग निर्दोष आहे, चांगला रुळलेला आहे, मथळ्यात खुशाल वापरावा.

तरीही तुमच्या वाक्यात तो मला खटकतो. का, ते सांगण्यासाठी आधी मैदानात काय झालं ते बघू.

२६ मे २००१. सॅन डिएगोत पॅड्रेस आणि ॲरिझोना डायमंडबॅक्स यांचा सामना. ॲरिझोनाकडून कर्ट शिलिंग पिचिंग करत होता. आठव्या इनिंगमधला पहिला गडी बाद झाला तेव्हा पॅड्रेसचे बावीस बॅटर येऊन गेले होते आणि बावीसही बाद झाले होते. एकालाही पहिला बेस, म्हणजे धाव पुरी करायच्या वाटेवरचा पहिला टप्पा, दिसला नव्हता. इथे 'हिट' हा शब्द नीट समजून घ्यायला हवा. चेंडूला बॅट लागणं म्हणजे हिट नव्हे. चेंडू टोलवून, क्षेत्ररक्षकाच्या चुकीचा आधार न घेता बॅटरने बेस गाठला तरच ती हिट. नो-हिटरमध्ये चेंडू कडाकड बॅटवर बसलेले असू शकतात, फक्त ते झेलले किंवा अडवले गेलेले असतात. वॉक मिळून (पिचरने चार चेंडू नीट न टाकल्याने पहिला बेस फुकट मिळून) किंवा क्षेत्ररक्षणातल्या चुकीमुळे कुणी बेसवर गेला तरी नो-हिटर शाबूत राहतो. परफेक्ट गेममध्ये तेवढीही सूट नाही : नऊ इनिंग, दर इनिंगला तीन बाद, म्हणजे सत्तावीस आले, सत्तावीस गेले. अमेरिकेतल्या सर्वोच्च स्पर्धेत, मेजर लीगमध्ये, १८८० पासून २०२३ पर्यंत असे फक्त २४ सामने झाले. शिलिंग त्या वाटेवर होता. म्हणजे तुमच्या लेखात 'नो-हिटर चालू असताना' चुकीचं नाही, पण 'परफेक्ट गेम चालू असताना' लिहिलंत तर प्रसंगाचं वजन कळेल.

पॅड्रेस २-० असे मागे होते. त्यांचा कॅचर बेन डेव्हिस बॅटिंगला आला आणि त्याने बंट केला. बंटमध्ये बॅट फिरवायची नसते. ती आडवी धरून चेंडू नुसता मऊ अडवायचा. तो इन्फिल्डमध्ये, म्हणजे बेसच्या आतल्या जवळच्या भागातच, रेंगाळतो आणि क्षेत्ररक्षक पुढे धावत येईस्तोवर बॅटर पहिल्या बेसकडे सुटलेला असतो. नियमपुस्तकात बंटची व्याख्या आहे. दोन स्ट्राइक (बॅटरच्या विरोधात मोजलेले चेंडू) झाल्यावर केलेला बंट फाउल, म्हणजे रेषेबाहेर, गेला तर बॅटर बाद, इतपत बारकावाही आहे. पण तो कधी करू नये, याबद्दल तिथे एक अक्षर नाही.

डेव्हिसचा बंट हिट ठरला. परफेक्ट गेम गेला, नो-हिटरही गेला. ॲरिझोनाचे मॅनेजर बॉब ब्रेनली भडकले. ते स्वतः जुने कॅचर. डेव्हिस अजून लहान आहे, त्याला बरंच शिकायचंय, असा त्यांचा सूर होता. पॅड्रेसची बाजू सरळ होती : दोनच धावांचं अंतर, डेव्हिस बेसवर पोचला की पुढचा बॅटर होमरन मारून, म्हणजे चेंडू थेट मैदानाबाहेर टोलवून, बरोबरी साधू शकतो. मग प्रयत्न करायचा नाही तर काय करायचं? सामना अखेर ॲरिझोनानेच ३-१ असा जिंकला.

आता बघा, या सगळ्यात अंपायर कुठेच नाही. नियमभंगाला तो झाला की नाही हे ठरवणारा तिसरा कुणीतरी लागतो आणि त्याच्या हातात शिक्षा असते. इथे फिर्याद प्रतिस्पर्ध्याची, निवाडाही त्याचाच. शिक्षाही तोच देणार, बहुधा पुढच्या भेटीत अंगावर फेकलेल्या चेंडूने. मला 'नियम' अडतो तो इथे. 'संकेत' हा शब्द या व्यवस्थेला जास्त जवळचा आहे. 'केत' म्हणजे मनातला हेतू, 'सम्' म्हणजे एकत्र. आपसांत ठरलेली गोष्ट तो संकेत. वेबसाइटसाठी आपण 'संकेतस्थळ' वापरायला लागलो त्याच्या कितीतरी आधी तो शब्द प्रेमिकांनी भेटायला ठरवलेल्या जागेसाठी होता आणि ती जागा दोघांनाच माहीत असायची. नाटकातलं पात्र स्वगत बोलतं ते शेजारी उभ्या असलेल्या पात्राला ऐकू येत नाही, हा नाट्यसंकेत. तो नटाला आणि प्रेक्षकाला सारखाच मान्य. आमदाराच्या निधनानंतर पोटनिवडणुकीत त्याच्या घरातलं कुणी उभं राहिलं तर विरोधकांनी उमेदवार देऊ नये, हा आपल्याकडचा राजकीय संकेत. २०२२ मध्ये अंधेरी पूर्वला भाजपने त्याचाच मान ठेवून उमेदवारी मागे घेतली. २०२३ मध्ये चिंचवडला मात्र लढत झाली. कायद्याने दोन्ही बरोबर. निवडणूक आयोग असल्या बाबतीत मध्ये पडत नाही, जसा बंटच्या बाबतीत अंपायर पडत नाही.

म्हणजे तुमच्या मित्राने सुचवलेला शब्द चांगला आहे, कारण तेवढं चुकीचं. पण संकेताची एक अट आहे : तो दोन्ही बाजूंना मान्य हवा. बंटच्या बाबतीत नेमकी इथेच गोची होते.

३१ जुलै २०११ चा डेट्रॉइटमधला टायगर्स आणि एंजल्स यांचा सामना घ्या. टायगर्सचा पिचर जस्टिन व्हरलँडर नो-हिटरच्या वाटेवर होता. त्याच वर्षी मे महिन्यात टोरांटोत त्याने एक नो-हिटर पूर्ण केलाही होता. हा सामना आधीच तापलेला. सातव्या इनिंगमध्ये टायगर्सच्या कार्लोस गियेनने होमरन मारला आणि तो जागीच उभा राहून बघत बसला. त्यामुळे चिडून एंजल्सचा पिचर जेरेड वीव्हर याने पुढचा बॅटर ॲलेक्स अविला याच्या डोक्यावरून चेंडू फेकला आणि अंपायरने त्याला मैदानाबाहेर काढलं. होमरनकडे बघत उभं राहू नये हासुद्धा संकेतच, आणि त्याची शिक्षा कोण देतो तेही इथे दिसलं. आठव्या इनिंगमध्ये ३-० असे मागे असताना एंजल्सच्या एरिक आयबारने बंट केला. व्हरलँडरने चेंडू उचलला, पण पहिल्या बेसकडे वेडावाकडा फेकला. अधिकृत स्कोअररने ती हिट न देता क्षेत्ररक्षणाची चूक दिली, त्यामुळे नो-हिटर वाचला. पुढे त्याच इनिंगमध्ये मायसर इझतुरिसने सरळ सिंगल (पहिला बेस मिळवून देणारी हिट) मारून तो संपवला. टायगर्स जिंकले, पण ३-२ असे, जेमतेम.

व्हरलँडरने त्या बंटला 'बुश लीग', म्हणजे कच्च्या संघांना शोभणारा, म्हटलं. पण तीन धावांची आघाडी किती तकलादू होती हे निकालाच्या आकड्यानेच सांगितलं. माझं मत विचाराल तर डेव्हिस आणि आयबार दोघांचंही काही चुकलं नाही. सामना अजून कुणीही जिंकू शकत असताना जो संकेत पाळायला सांगतो त्याचा फायदा होतो आणि ज्याने पाळायचा तो सामना गमावतो, असा करार कुणी शहाणा करणार नाही. बंट होणार नाही असं गृहीत धरून तिसऱ्या बेसवरचा क्षेत्ररक्षक मागे सरकला, तर त्याला टोलवलेले चेंडू अडवायला जास्त वेळ मिळतो. म्हणजे संकेताच्या आडून क्षेत्ररक्षणाचाही लाभ घेतला जातो. दहा धावांनी मागे असताना नवव्या इनिंगमध्ये कुणी केवळ पिचरचा विक्रम बिघडवायला बंट केला तर मी वेगळं बोलेन. तिथे बहुतेक खेळाडूंचं एकमत होईल, म्हणजे तिथे खरोखर संकेत आहे.

२०१८ च्या एप्रिलमधला प्रकार या दोहोंच्या मधला. मिनेसोटा ट्विन्स ७-० असे पुढे, नववी इनिंग. बाल्टिमोरच्या चान्स सिस्कोने बंट करून बेस गाठला. नो-हिटर नव्हताच, ट्विन्सच्या होसे बेरिओसला आधी एक हिट बसली होती, तीही सिस्कोचीच. तरी ट्विन्सचा ब्रायन डोझियर नाराज झाला. सात धावांची आघाडी असूनही त्यांनी सिस्कोसाठी क्षेत्ररक्षक एका बाजूला सरकवून दुसरी बाजू मोकळी सोडली होती. एक संघ शेवटपर्यंत डाव लावत राहणार आणि दुसऱ्याने मोकळी जागा दिसत असून तिकडे चेंडू टाकायचा नाही, ही अपेक्षा मला पटत नाही. हो, 'अपेक्षा' हाच इथला नेमका शब्द. जे एकाच बाजूला ठाऊक किंवा मान्य असतं त्याला संकेत म्हणू नये.

'संकेत' वापरताना बेसबॉलपुरती आणखी एक अडचण आहे. या खेळात शब्दशः संकेत चालतात. कॅचर बोटांनी पिचरला सांगतो कुठला चेंडू टाकायचा. तिसऱ्या बेसजवळ उभा असलेला कोच टोपीला, कोपराला, छातीला हात लावून बॅटरला बंट करायला सांगतो. आता 'डेव्हिसने बंटचा संकेत मोडला' असं लिहिलंत तर वाचकाला वाटेल, कोचने बंट सांगितला आणि याने ऐकलं नाही. म्हणजे घडलं त्याच्या नेमकं उलट! म्हणून बेसबॉलवर लिहिताना मी कोचच्या आणि कॅचरच्या इशाऱ्यांना 'खुणा' म्हणतो आणि 'संकेत' रीतीभातींसाठी राखून ठेवतो. ह्यूस्टन ॲस्ट्रोसने २०१७ मध्ये कॅमेरा लावून प्रतिस्पर्ध्यांच्या 'खुणा चोरल्या' म्हटलं की लगेच कळतं. 'संकेत चोरले' यातून काहीच बोध होत नाही.

याच खेळातल्या दुसऱ्या एका रीतीला 'संकेत'ही नको, 'पथ्य' हवं. पिचरचा नो-हिटर रंगात आला की डगआउटमध्ये त्याच्याशी कुणी बोलत नाही. बाकावर त्याच्या शेजारची जागा रिकामी राहते आणि 'नो-हिटर' हा शब्द तर कुणी उच्चारतच नाही, कारण दृष्ट लागेल. हे पाळलं काय, न पाळलं काय, समोरच्या संघाला फरक पडत नाही. आपलं आपण, आपल्या भल्यासाठी पाळायचं ते पथ्य. बंटला तो शब्द लावता येणार नाही, कारण तिथे बंधन दुसऱ्याने पाळायचं आणि भलं आपलं व्हायचं.

'प्रघात' आणि 'शिरस्ता' म्हणजे बहुतेक वेळा जे होत आलं ते. त्यात मोडण्याचा दोष तेवढा येत नाही. 'पायंडा' पाडणाऱ्याकडे बघतो, मोडणाऱ्याकडे नाही : 'डेव्हिसने नवा पायंडा पाडला' असं त्याच्या बाजूचा माणूस म्हणू शकेल.

व्हरलँडरच्या 'बुश लीग'साठी एका वाचकाने पूर्वी 'रडीचा डाव' सुचवला होता. मला तो मान्य नाही. रडीचा डाव खेळणारा बाद असून बाद होत नाही, राज्य द्यायचं टाळतो, कबूल केलेलं फिरवतो. आयबारने यातलं काहीच केलं नाही. 'बुश लीग' म्हणजे आडगावातले कच्चे, हौशी संघ. त्यात फसवणुकीचा आरोप नाही, दर्जाचा आहे. 'हे गल्लीतलं खेळणं झालं' यात तो बरोबर उतरतो.

राहता राहिली तुमच्या मैत्रिणीची 'खिलाडूवृत्ती'. क्रिकेटमुळे हा शब्द आपल्या जिभेवर आहे, म्हणूनच जपून वापरावा. १९४७ च्या डिसेंबरमध्ये सिडनीला विनू मांकड यांनी क्रीज सोडून पुढे गेलेल्या बिल ब्राउनला धावबाद केलं. नियमात ते चोख बसत होतं आणि ब्रॅडमन यांनीही मांकड यांचीच बाजू घेतली. तरी त्यांचं नाव पुढची सत्तर वर्षं दूषणासारखं वापरलं गेलं. अखेर २०२२ मध्ये क्रिकेटच्या नियमांत ही तरतूद 'अयोग्य खेळ' या कलमातून काढून साध्या धावबादच्या कलमात नेली. 'खिलाडूवृत्ती नाही' म्हणणं म्हणजे माणसाच्या चारित्र्याबद्दल बोलणं. संकेत पाळला नाही म्हणणं म्हणजे एका रीतीबद्दल बोलणं. जिथे रीतच वादाची आहे तिथे चारित्र्यावर जाऊ नये.

तेव्हा तुमचं वाक्य मी असं लिहीन : 'परफेक्ट गेम चालू असताना डेव्हिसने बंट केला, डायमंडबॅक्सच्या लेखी हा खेळाडूंमधल्या संकेताचा भंग होता.' 'डायमंडबॅक्सच्या लेखी' हे शब्द कृपा करून गाळू नका, सगळा वाद त्यांच्यात आहे. क्रियापद बदलायचं असेल तर 'संकेत पाळला नाही' चालेल. 'संकेत धुडकावला' म्हटलं की त्यात मुजोरी येते आणि तुम्ही नकळत ब्रेनलींच्या बाजूचे होता. शिवाय 'बंट केला' हेच ठेवा, 'बंट मारला' नको, कारण मारायचं नाही हीच तर त्यातली मेख आहे. लेख मुंबईत वाचला जाणार असेल तर पहिल्या उल्लेखाला 'बंट नावाची खेळी' एवढं म्हणा, नाहीतर कुणाला आधी तुळुभाषक बंट समाजच आठवेल.