वर्कस्टेशन घ्यावं की साध्या पीसीवर लिनक्स टाकावं?

तुम्ही विचारलंय की थ्रीडी आणि कंपोझिटिंगसाठी (म्हणजे वेगवेगळी चित्रं एकात मिसळण्यासाठी) कंपनीचं प्रमाणित वर्कस्टेशन, म्हणजे सॉफ्टवेअरवाल्यांनी तपासून पास केलेलं महागडं मशीन घ्यावं, की तेवढ्याच पैशांत दोन-तीन साधे पीसी जुळवून त्यांवर लिनक्स टाकावं. पीसी घ्या. १९९८ पासून मी हेच सांगतोय. तेव्हा ज्यांना सांगत होतो त्यांनी ते शेवटपर्यंत मान्य केलं नाही, म्हणून आज जरा पाल्हाळ लागणार आहे.

नोकरीला लागलो तेव्हा आमच्याकडे एकच ग्राफिक्स वर्कस्टेशन होतं. त्याला वेगळी खोली, वेगळा एसी, आणि किल्ली सरांच्या खिशात. काम म्हणजे स्कॅनचे काप एकावर एक रचून त्यातून फिरतं मॉडेल तयार करायचं. प्रोग्राम आमचाच, सी भाषेत, ओपनजीएलवर, म्हणजे थ्रीडी चित्र काढायच्या ठरीव आज्ञांच्या संचावर लिहिलेला. दिवसा मशीन सरांचं. रात्री फ्रेम रेंडर व्हायच्या, म्हणजे मशीन एकेक चित्र हिशेब करून रंगवायचं, आणि त्या रात्रींसाठी आम्ही तिघंचौघं वहीत नाव लिहून पाळीची वाट बघायचो. मी म्हटलं, चार पेंटियम टू घेऊ, लिनक्स टाकू, रात्रीचं काम तिकडे ढकलू. सर म्हणाले, "खेळणी माझ्या खोलीत नकोत." मग ती पॅसेजमध्ये मांडली.

त्याच सुमारास एका मासिकात लेख आला होता. 'टायटॅनिक'मधल्या दृश्यांसाठी डिजिटल डोमेन या इफेक्ट्स स्टुडिओने अल्फा या वेगळ्या जातीच्या प्रोसेसरची १६० मशिनं लावली होती आणि त्यांतली १०५ लिनक्सवर चालत होती. मी पानांची झेरॉक्स काढून सरांच्या टेबलावर ठेवली. दुपारी ती परत आली, 'अल्फा' या शब्दाखाली लाल रेघ मारून. अल्फा म्हणजे काही पीसी नव्हे, हे त्यांचं बरोबरच होतं. पण लाल रेघ कशाला मारायची?

असो. प्रोग्राम मेसावर कंपाइल केला. ब्रायन पॉल यांनी १९९३ मध्ये सुरू केलेली ही लायब्ररी म्हणजे ओपनजीएलचा फुकटातला जुळा भाऊ. एकही एरर आली नाही. चालवला, तर पडद्यावर नुसत्या मुंग्या. दोन रात्री पॉइंटर, म्हणजे कोडमधले मेमरीचे पत्ते तपासण्यात गेल्या. तिसऱ्या रात्री वैतागून एकच फाइल दोन्हीकडे ओडीने, म्हणजे फाइलमधले कच्चे आकडे दाखवणाऱ्या आज्ञेने उघडून बघितली. वर्कस्टेशनवर पहिला आकडा ०००१. पीसीवर तोच आकडा ०१००. वर्कस्टेशनचा प्रोसेसर सोळा बिटांच्या आकड्यातला वजनदार बाइट आधी ठेवायचा, इंटेलचा हलका आधी. म्हणजे फाइलमधल्या १ चे माझ्याकडे २५६ होत होते आणि २५६ चा १. बाइटची अदलाबदल करणाऱ्या तीन ओळी घातल्या आणि मुंग्यांच्या जागी कवटी दिसली. पहाटेचे चार वाजले होते आणि दाखवायला कुणीही नव्हतं.

एकेक पीसी वर्कस्टेशनपेक्षा हळू होता, यात वादच नाही. पण एका फ्रेमला शेजारच्या फ्रेमशी काही देणंघेणं नसतं. पहिली, पाचवी, नववी एका मशीनला. दुसरी, सहावी, दहावी दुसऱ्याला. सकाळी येऊन बघावं तर सगळ्या तयार. दोन आठवड्यांत ती वही कपाटात गेली.

सरांनी हे बघितलं आणि म्हणाले, "रात्रीचं ठीक आहे, आता माझ्यासमोर फिरवून दाखव." मेसा तेव्हा सगळं गणित सीपीयूवरच करायची, मॉडेल धापा टाकत फिरायचं. म्हणून मी एक गेमचं कार्ड आणून बसवलं. त्याची गंमत अशी की ते नेहमीच्या व्हिडिओ कार्डाला मागून एका छोट्या केबलने जोडायचं, थ्रीडी फक्त पूर्ण पडद्यावरच दाखवायचं, आणि रंग १६ बिटी. कवटी झकास फिरली. सरांनी चष्मा काढला, पडद्याला नाक लावलं आणि पेनाचं टोक कवटीच्या कपाळावर ठेवून विचारलं, "या पायऱ्या कुठून आल्या?"

आता तुमचं. ओपनजीएल १९९२ मध्ये ज्यांनी आणलं, त्या सिलिकॉन ग्राफिक्स या वर्कस्टेशनवाल्या कंपनीने २००६ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि त्याच वर्षी तिच्या मशिनांवरच्या आयरिक्स या सिस्टीमची शेवटची आवृत्ती निघाली. मशीन कितीही देखणं असो, त्याची सिस्टीम एकाच दुकानातून मिळत असेल तर दुकान बंद झालं की तुम्ही उघड्यावर. मेसा मात्र अजून आहे. आज लिनक्सवर एएमडी आणि इंटेलची ग्राफिक्स कार्डं तिच्याच ड्रायव्हरवर पळतात. माया, हुडिनी, न्यूक, ब्लेंडर सगळं लिनक्सवर चालतं, आणि मोठे व्हीएफएक्स स्टुडिओ कधीचे तिकडे गेलेत. उरलेल्या पैशांत रॅम आणि चांगला मॉनिटर घ्या. जुना पीसी फेकू नका, तो रात्री रेंडरला लावा. खेळणी म्हणे!

हां, आता हे आधीच सांगायला हवं होतं: फोटोशॉप, आफ्टर इफेक्ट्स किंवा थ्रीडीएस मॅक्सवर तुमचं पोट असेल तर वरचं सगळं विसरा, ती लिनक्सवर येतच नाहीत. यंत्रांची डिझाइनं करायच्या सॉलिडवर्क्सचंही तेच, आणि तिथे प्रमाणित कार्डाला खरोखर अर्थ आहे. दिवसचे दिवस चालणारं सिम्युलेशन करत असाल तर ईसीसी रॅम, म्हणजे स्वतःच्या चुका स्वतः दुरुस्त करणारी मेमरी घ्या, मग ती वर्कस्टेशनमध्ये मिळो की कुठे. आणि मशीन बंद पडल्यावर ते उघडून बसणारा माणूस तुमच्याकडे नसेल, तर दुसऱ्या दिवशी इंजिनिअर दारात पाठवणारी वॉरंटी विकत घेण्यात काही कमीपणा नाही.

राहता राहिल्या त्या पायऱ्या. १६ बिटांत लाल आणि निळ्याच्या वाट्याला पाच-पाच बिट येतात, हिरव्याच्या सहा. म्हणजे निखळ राखाडीच्या जेमतेम ३२ छटा, आणि आमची सगळी कवटी राखाडीच. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. सरांना मी सांगितलं की मॉनिटर जुना आहे.