प्रश्न तुमचे: पान काळं का होत नाही, पेल्यात पाणी का चढतं आणि लंबकाचं उत्तर जास्त का येतं

या वेळच्या पत्रांत शाळेतल्या प्रयोगांविषयीचे प्रश्न सर्वांत जास्त होते. त्यांतले पाच इथे घेतले आहेत.

पानाचा काही भाग काळ्या कागदाच्या पट्ट्याने झाकून करायच्या स्टार्चच्या प्रयोगात काही मुलांचं अख्खं पान निळं-काळं होतं, तर काहींचं अख्खं पान तपकिरीच राहतं. पुस्तकातल्यासारखा स्पष्ट पट्टा कुणाच्याच पानावर उमटत नाही. चुकतं कुठे?
– एक विज्ञान शिक्षिका

दोन्हींची कारणं वेगळी आहेत, म्हणून उपायही वेगळे.

अख्खं पान काळं पडतं तेव्हा बहुधा झाड पुरेसा वेळ अंधारात राहिलेलं नसतं. पानात आधीपासून साठलेला स्टार्च झाडाने वापरून संपवायला हवा. त्यासाठी किमान २४ तास लागतात. ४८ तास दिलेले बरे. पट्टा लावण्याआधीच एक पान तोडून त्याची आयोडीनने चाचणी करा. ते काळं झालं तर पुढे जाऊ नका, झाड पुन्हा अंधारात ठेवा. ही एक पायरी बहुतेक ठिकाणी गाळली जाते आणि नंतर अख्खा प्रयोग वाया जातो. काळा कागदही पानाच्या दोन्ही बाजूंना हवा आणि क्लिपने घट्ट बसवलेला हवा. फक्त वरून लावला तर खालून आणि कडेने उजेड शिरतोच.

अख्खं पान तपकिरी राहिलं तर आधी आयोडीन तपासा. बटाट्याच्या फोडीवर एक थेंब टाका, लगेच निळं-काळं व्हायला हवं. द्रावण वर्गात तयार करणार असाल तर २ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड अगदी थोड्या पाण्यात विरघळवा, त्यात १ ग्रॅम आयोडीन घाला आणि ते पूर्ण विरघळल्यावरच पाणी घालून १०० मिलिलिटर करा. नुसत्या पाण्यात आयोडीन जवळपास विरघळतच नाही.

आयोडीन ठीक असेल तर पान कधी तोडलं ते विचारा. झाड भल्या सकाळी उन्हात ठेवून तासाभरात पान तोडलं तर स्टार्च साठायला वेळच मिळालेला नसतो. चांगलं ऊन असेल तर ४ ते ६ तास द्या. झाडाची निवडही महत्त्वाची आहे. कांदा, लिली यांसारख्या वनस्पती पानांत मुख्यतः साखर साठवतात, त्यांची पानं या प्रयोगाला उपयोगाची नाहीत. जाड, मेणचट पानंही टाळा. पातळ, मऊ पान घ्या.

आता पान उकळण्याविषयी. पान उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवायचं ते पेशींची आवरणं फुटावीत म्हणून. हे झालं नाही तर आयोडीन आत पोहोचत नाही. मग परीक्षानळीत पान बुडेल इतकं अल्कोहोल घ्या आणि नळी गरम पाण्याच्या चंचुपात्रात उभी करा. त्याआधी बर्नर विझवा. अल्कोहोल सुमारे ७८ अंश सेल्सिअसला उकळतं, त्यामुळे नुकतंच उकळून उतरवलेलं पाणी त्याला पुरतं. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, टेबलावरून पसरत जाते आणि दूरच्या ज्योतीनेही पेट घेते. म्हणून शेजारच्या गटाचा बर्नरही चालू नको.

पाच-दहा मिनिटांत हरितद्रव्य उतरून पान पांढुरकं होतं, पण कडक आणि ठिसूळही होतं. कोमट पाण्यात बुडवून ते मऊ करा, पसरा आणि पूर्ण गार होऊ द्या. घाईत गरम पानावर आयोडीन टाकलं तर निळा रंग दिसतच नाही, कारण स्टार्च आणि आयोडीन यांची जोडी उष्णतेने सुटते. प्रयोग बरोबर करूनही रंग न येण्यामागे अनेकदा एवढंच कारण असतं.

एक शंका विचार करणारी मुलं हमखास काढतात: कागदाने उजेडाबरोबर हवाही अडली असेल तर? शंका रास्त आहे. दुसऱ्या पानावर त्याच मापाचा पारदर्शक प्लॅस्टिकचा पट्टा तितकाच घट्ट लावा. त्याच्याखालचा भाग निळा-काळा झाला, तर फरक उजेडाचाच आहे हे सिद्ध होतं.

खत हे झाडाचं अन्न आहे असं सगळे म्हणतात. मग प्रकाशसंश्लेषणाचं काय? आणि झाडाचं वजन मातीतून येत नसेल तर कुठून येतं?
– आठवीतला विद्यार्थी

खत अन्न नाही. अन्न झाड स्वतः तयार करतं आणि त्यासाठीचा कार्बन हवेतून घेतं.

शास्त्रज्ञ यान बाप्तिस्ता फान हेल्मोंट यांनी हा प्रश्न वजन करून सोडवायचं ठरवलं. त्यांचं लेखन त्यांच्या मृत्यूनंतर १६४८ मध्ये प्रसिद्ध झालं. भट्टीत वाळवलेली २०० पौंड माती कुंडीत घेऊन त्यांनी ५ पौंडांचं विलोचं रोप लावलं आणि ५ वर्षं फक्त पाणी घातलं. झाड सुमारे १६९ पौंडांचं झालं. माती पुन्हा वाळवून तोलली, तर ती जेमतेम २ औंस, म्हणजे ६० ग्रॅमच्याही आत, घटली होती. त्यांनी निष्कर्ष काढला की झाड पाण्यापासूनच बनतं. माती हे उत्तर नव्हे, हे त्यांनी पक्कं दाखवलं. हवा मात्र त्यांच्या हिशोबातून सुटली. याच हेल्मोंट यांनी ‘गॅस’ हा शब्द घडवला आणि कोळसा जळताना निघणाऱ्या वायूचा, म्हणजे कार्बन डायऑक्साइडचा, अभ्यास केला होता!

झाड पूर्ण वाळवलं तर उरलेल्या वजनात साधारण ४५ टक्के कार्बन, तितकाच ऑक्सिजन आणि ६ टक्के हायड्रोजन असतो. हा कार्बन येतो तो ज्या हवेत कार्बन डायऑक्साइड जेमतेम ०.०४ टक्के आहे तिच्यातून. मातीतून घेतलेली खनिजं उरलेल्या काही टक्क्यांत बसतात.

पण त्यांच्यावाचून काम अडतं. नायट्रोजनशिवाय प्रथिनं नाहीत, मॅग्नेशियमशिवाय हरितद्रव्याचा रेणू नाही. कोणतं खनिज कमी आहे हे पानं कुठली पिवळी पडतात त्यावरून ओळखायला शीक. नायट्रोजन झाडात इकडून तिकडे हलवता येतो. तो कमी पडला की झाड जुन्या पानांतून काढून नव्या पानांना देतं, म्हणून खालची पानं आधी पिवळी होतात. लोह असं हलवता येत नाही. त्याच्या कमतरतेत शेंड्याची कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा हिरव्या राहतात.

‘अन्न’ समजून खत जास्त घातलं तर काय होतं तेही पाहा. मुळांबाहेरचं पाणी इतकं क्षारयुक्त होतं की मुळांत पाणी शिरण्याऐवजी बाहेर ओढलं जातं. माती ओली असूनही रोप कोमेजतं, पानांच्या कडा करपतात. अशा वेळी आणखी खत नको. कुंडीच्या तळातून वाहून जाईल इतकं साधं पाणी दोन-तीनदा घाला.

पाण्यात मेणबत्ती उभी करून वर पेला उपडा ठेवला की ती विझते आणि पाणी चढतं. ऑक्सिजन संपला म्हणून एक पंचमांश पाणी चढलं, हे बरोबर आहे का?
– नववीतली विद्यार्थिनी

नाही. हे स्पष्टीकरण सर्रास सांगितलं जातं, पण प्रयोग नीट पाहिला तर ते टिकत नाही.

घड्याळ न पाहता पाण्याच्या पातळीकडे पाहत राहा. मेणबत्ती जळत असते तोवर पाणी फारसं हलत नाही. ज्योत मंदावून विझते त्या क्षणी ते झपकन चढतं. ऑक्सिजन वापरला गेल्यामुळे पाणी चढत असतं, तर जळताना हळूहळू चढायला हवं होतं. मग त्याच पेल्याखाली तीन मेणबत्त्या लावून बघ. पाणी आणखी वर जातं. पेल्यातला ऑक्सिजन काही तिप्पट झालेला नाही.

होतं असं: पेला खाली आणताना ज्योतीवरची तापलेली, पसरलेली हवा त्यात भरते, काही हवा कडेने बुडबुड्यांतून निसटते. ज्योत विझली की आतली हवा गार होऊन आकसते, ज्वलनात तयार झालेली वाफ पाणी होते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला वर ढकलतो. आतल्या हवेचं सरासरी तापमान १०० अंश असेल आणि ती २७ अंशांवर आली, तर तेवढ्यानेच आकारमान जवळपास एक पंचमांशाने घटतं. आकडा पुस्तकाशी जुळतो तो अशा योगायोगाने.

शिवाय ऑक्सिजन संपतच नाही. हवेत तो २१ टक्के असतो. साधारण १६ टक्क्यांवर आला की मेणबत्ती विझते. वापरलेल्या दर तीन भाग ऑक्सिजनमागे सुमारे दोन भाग कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि तो पाण्यात सावकाश विरघळतो. म्हणजे ऑक्सिजनमुळे झालेली खरी घट दोनेक टक्क्यांचीच.

हवेतला ऑक्सिजन खरोखर मोजायचा असेल तर लोखंड गंजू दे. परीक्षानळी आतून ओली कर, चमचाभर लोहकीस टाकून नळी फिरव म्हणजे तो काचेला चिकटेल. नळी पाण्यात उपडी उभी कर आणि आतल्या पाण्याची पातळी काचेवर खूण करून ठेव. काही दिवसांत पाणी हवेच्या जागेच्या साधारण एक पंचमांशापर्यंत चढतं आणि तिथेच थांबतं. रोज ठरावीक वेळी नोंद घे, नाहीतर तापमानातल्या फरकाने पातळी खालीवर दिसेल. लोहकीस तेलकट असेल तर गंज धरत नाही. आधी साबणाच्या पाण्याने धुऊन घे. स्टेनलेस स्टीलचा कीस किंवा घासणी वापरू नकोस, ती गंजायची नाही.

रात्री झाडं कार्बन डायऑक्साइड सोडतात, मग खोलीतल्या कुंड्या बाहेर ठेवाव्यात का?
– एक पालक

गरज नाही. झाडं दिवसरात्र श्वसन करतात. दिवसा प्रकाशसंश्लेषण त्याच्यावर मात करतं, इतकंच. एक चौरस मीटर पानं रात्रभरात एखाद-दोन ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडतात. खोलीत झोपलेला एक माणूस तेवढ्याच वेळात दीडशे ग्रॅमच्या आसपास सोडतो. काळजी असेल तर खिडकी उघडा.

एक मीटर लांबीच्या लंबकाच्या २० दोलनांना ३८.१ सेकंद लागले आणि गुरुत्वत्वरण १०.८८ आलं. मित्र म्हणतो ९.८ लिहून टाक. काय करू?
– अकरावीतला विद्यार्थी

९.८ लिहू नकोस. तुझ्याच आकड्यात चूक कुठे झाली ते दिसतंय.

गोळा सोडताना तू ‘एक’ म्हणालास. मग ‘वीस’ म्हणेपर्यंत दोलनं १९ झाली. ३८.१ ला १९ ने भागलं तर दोलनकाल २.००५ सेकंद येतो. गुरुत्वत्वरण म्हणजे ३९.४८ (४ गुणिले पायचा वर्ग) गुणिले लांबी भागिले दोलनकालाचा वर्ग, उत्तर ९.८२. दोलनकालात ५ टक्के चूक झाली की वर्गामुळे उत्तरात ती जवळपास ११ टक्के होते. तरी आकडा नुसता दुरुस्त करून लिहू नकोस, प्रयोग पुन्हा कर.

मोजणी ‘शून्य’पासून सुरू कर. घड्याळ टोकाला नव्हे, मधल्या जागी चालू-बंद कर. टोकाला गोळा रेंगाळतो, नेमका क्षण हाती लागत नाही. मध्ये तो सर्वांत वेगात असतो, म्हणून मागे कागदावर एक उभी रेघ ओढून ठेव. झोका लहान हवा. १० अंशांपर्यंत दोलनकालात पडणारा फरक ०.२ टक्के असतो, ३० अंशांना तो पावणेदोन टक्क्यांवर जातो. दोऱ्याला वर नुसती गाठ मारली तर झुलण्याचा बिंदू सरकत राहतो. बूच उभं चिरून त्याच्या दोन भागांत दोरा घट्ट धर.

लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजायची असते. तिथे शंका असेल तर ४० ते १०० सेंटिमीटरमध्ये पाच-सहा लांबी घेऊन आडव्या अक्षावर दोलनकालाचा वर्ग आणि उभ्या अक्षावर लांबी मांड. तू सगळ्या लांबी गोळ्याच्या वरच्या टोकापर्यंतच मोजल्या असशील तर रेषा आरंभबिंदूतून न जाता गोळ्याच्या त्रिज्येइतकी खाली सरकलेली दिसेल, पण तिचा चढ बदलणार नाही. त्या चढाला ३९.४८ ने गुणलंस की गुरुत्वत्वरण मिळेल.