लेक दुबईत क्वांटिटी सर्व्हेअर आहे, एमआरआयसीएसचा फॉर्म भरावा का?

काका, नमस्कार. तुमचं पत्र मोठं आहे, त्यामुळे बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात सांगतो. काका कराडचे, बांधकाम खात्यातून रिटायर झालेले, सगळी नोकरी एमबी (मोजमापाची वही) लिहिण्यात आणि दुसऱ्यांच्या एमबी तपासण्यात गेली. लेक बीई सिव्हिल, चार वर्षं पुण्यात एका बिल्डरकडे बिलिंगला होती, लग्नानंतर तीन वर्षं दुबईत एका कन्सल्टंटकडे क्वांटिटी सर्व्हेअर, म्हणजे बांधकामाची मोजमापं आणि पैशाचा हिशेब बघणारी, म्हणून आहे. तिथे ज्याला त्याला विचारलं की एकच उत्तर येतं, एमआरआयसीएस कर, म्हणजे आरआयसीएस या ब्रिटिश संस्थेची मेंबर हो, नाहीतर सिनियर व्हायला वर्षं जातील. काका विचारतात की हे खरंच लागतं का, त्यासाठी परत डिग्री करायची का, उद्या पुण्याला परत आली तर त्याचा काही उपयोग आहे का, आणि पत्राच्या शेवटी दोन ओळीत विचारलंय की तिथला एक माणूस म्हणतो पैसे द्या, सगळे कागद मी लिहून देतो, तुम्ही फक्त इंटरव्ह्यूला बसा, तर द्यायचे का पैसे.

शेवटच्याचं उत्तर आधी देतो. देऊ नका. एक दिरहमसुद्धा नको.

त्याचं कारण असं की इंटरव्ह्यू घेणारे प्रश्न काढतात ते त्याच कागदांमधून. समोर दोन-तीन जण बसलेले असतात, सगळे या धंद्यात मुरलेले, आणि ते म्हणणार की तुमच्या सबमिशनमध्ये तुम्ही लिहिलंय की कॉन्ट्रॅक्टरच्या अमुक क्लेमवर (जादा पैशाच्या मागणीवर) तुम्ही क्लायंटला सेटलमेंटचा सल्ला दिला, मग आकडा कसा काढला, दुसरा पर्याय का सोडला, क्लायंट काय म्हणाला. जे तिने केलंच नाही त्याचं उत्तर ती कुठून आणणार? शिवाय ही मंडळी उतारे जुळवून बघतात, आणि असे कागद लिहून देणारा माणूस तेच चार उतारे दहा जणांना विकत असतो. पकडलं तर कॉपीचा ठपका येतो, आणि जी संस्था प्रामाणिकपणा हा पहिला नियम म्हणून लिहिते तिच्या दारात जायच्या आधीच खोटेपणा झाला तर पुढे बोलायलाच नको. मेंटॉर वेगळा, तो वाचून सांगतो की हा पॅरा कच्चा आहे, परत लिही. त्याला फी द्यावी लागली तरी ते योग्य. लिहून देणारा नको.

आता लागतं का. आरआयसीएस म्हणजे रॉयल इन्स्टिट्यूशन ऑफ चार्टर्ड सर्व्हेअर्स, लंडनची, 1868 ची संस्था, 1881 ला तिला रॉयल चार्टर मिळाला. कायद्याने म्हणाल तर नाही लागत. खुद्द ब्रिटनमध्ये कुणीही स्वतःला क्वांटिटी सर्व्हेअर म्हणवून घेऊ शकतो, 'चार्टर्ड' मात्र मेंबर झाल्याशिवाय लावता येत नाही. मलेशियासारख्या देशात 1967 पासून क्वांटिटी सर्व्हेअर्सचा कायदाच आहे, तिथे सरकारी बोर्डाकडे नोंदणी लागते, पण दुबईत तसं काही नाही. तरी तिचे सहकारी खोटं बोलत नाहीयेत. आखाती देशात मोठ्या कन्सल्टंटकडे ब्रिटिश पद्धत रुजलेली आहे, नोकरीच्या जाहिरातीत सिनियर पोस्टसाठी एमआरआयसीएस किंवा त्या वाटेवर असलेला असं सरळ लिहिलेलं असतं, आणि तिच्या शेजारच्या टेबलावरचे श्रीलंकेचे, केरळचे क्वांटिटी सर्व्हेअर कधीपासून या तयारीला लागलेले असतात. आपली पोरं कामात कमी नसतात, फॉर्म भरायला मात्र पस्तिशी उजाडते.

परत डिग्रीचं म्हणाल तर बहुतेक गरज नाही. डिग्री आरआयसीएसने मान्यता दिलेली असेल तर वाट छोटी होते, तशी ती आपल्याकडच्या साध्या बीई सिव्हिलला नसते. पण पदवी कुठलीही असली आणि संबंधित कामाचा 5 वर्षांचा अनुभव असला तर दार उघडं आहे, फक्त फायनल इंटरव्ह्यूच्या आधी एक प्रिलिमिनरी रिव्ह्यू म्हणून पायरी लागते. त्यात तिचं सगळं लेखी सबमिशन आधी तपासलं जातं, ते पास झालं तरच पुढे बोलावतात. तिची सात वर्षं झालीत म्हणजे अनुभव पुरेसा आहे. (डिप्लोमा झालेली मुलंही मला विचारतात, त्यांच्यासाठी असोसिएट नावाची खालची पायरी आहे, तिथून सुरुवात करता येते.) नियम अधूनमधून बदलतात, म्हणून फॉर्म भरताना त्या वेळची कँडिडेट गाइड संस्थेच्या साइटवरून उतरवून घ्यायला सांगा, मित्राने तीन वर्षांपूर्वी दिलेली पीडीएफ नको.

आता खरा मुद्दा. तुम्ही लिहिलंय की, 'पोरगी मोजमापात पक्की आहे, आयएस 1200 (मोजमापाचं भारतीय मानक) पाठ आहे, मग एवढं घाबरायचं कारण काय.' काका, तिची अडचण नेमकी इथेच आहे. आपल्याकडे क्वांटिटी काढणारा माणूस म्हणजे बिलिंग इंजिनिअर. प्लास्टरमध्ये अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचं ओपनिंग वजा करायचं नाही, त्यापुढे तीन चौरस मीटरपर्यंत एका बाजूचं करायचं, हे तिला झोपेत विचारलं तरी येईल, तुमच्याच हाताखाली शिकलीय. पण मेंबरशिपच्या परीक्षेत, जिला एपीसी म्हणतात, मोजमाप हा एक तुकडा आहे. बाकी कॉन्ट्रॅक्ट प्रॅक्टिस, प्रोक्युअरमेंट आणि टेंडरिंग, कॉस्ट प्लॅनिंग, प्रोजेक्टचा पैशाचा हिशेब आणि रिपोर्टिंग, बांधकामाचं तंत्र, शिवाय एथिक्स, क्लायंट केअर, सेफ्टी असं बरंच काही असतं. आणि प्रत्येकाला लेव्हल आहेत. लेव्हल एक म्हणजे माहिती आहे, लेव्हल दोन म्हणजे स्वतः करून पाहिलंय, लेव्हल तीन म्हणजे कारण देऊन सल्ला दिलाय. मुख्य विषयांना तीन लागते. बिलिंगवाली पोरं दोनवर अडकतात.

तुम्ही खात्यातले आहात म्हणून एक उदाहरण घेऊनच सांगतो. समजा 1999 च्या फिडिक रेड बुकवर (बांधकाम कॉन्ट्रॅक्टचा आंतरराष्ट्रीय नमुना) काम चालू आहे, अ‍ॅक्सेप्टेड कॉन्ट्रॅक्ट अमाउंट, म्हणजे कराराची मंजूर रक्कम, 8 कोटी दिरहम. रिटेनिंग वॉलचं काँक्रीट बीओक्यूत (कामाच्या क्वांटिटीच्या यादीत) 400 घनमीटर होतं, प्रत्यक्षात 520 झालं, रेट 350 दिरहम. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो क्वांटिटी दहा टक्क्यांहून जास्त वाढली, आता नवीन रेट द्या. लेव्हल एकची मुलगी लिहिते की क्लॉज 12.3 मध्ये नवीन रेटची तरतूद आहे. लेव्हल दोनची लिहिते की मी जॉइंट मेझरमेंट केलं, वाढ 30 टक्के निघाली, म्हणजे दहा टक्क्यांची पहिली अट पूर्ण, 120 घनमीटर गुणिले 350 म्हणजे 42,000 दिरहम, आणि कॉन्ट्रॅक्ट अमाउंटच्या 0.01 टक्का होतो 8,000, रक्कम त्याहून जास्त हवी ही दुसरी अटही पूर्ण झाली. इथवर हिशेब झाला. लेव्हल तीनची पुढे जाते आणि म्हणते, अजून दोन अटी आहेत, तो आयटम फिक्स्ड रेटचा नसावा आणि क्वांटिटी बदलल्यामुळे त्या आयटमचा युनिट कॉस्ट 1 टक्क्याहून जास्त बदलायला हवा, मी कॉन्ट्रॅक्टरकडून रेट अ‍ॅनालिसिस मागवलं, तोच पंप, तेच शटरिंग, तीच गँग, कॉस्ट बदललेला दिसत नाही, म्हणून इंजिनिअरला सल्ला दिला की जुन्याच रेटने द्या, पण काम लांबल्यामुळे त्याला शटरिंगचं भाडं जास्त पडलं असेल तर ते तो कागदांनिशी दाखवू शकतो, तेवढी फट ठेवून पत्र लिहा. माझ्या सल्ल्यावर इंजिनिअरने तसं पत्र काढलं. बस, हे लेव्हल तीन. आकडे तेच आहेत, शेवटी तिने कुणाला काय सांगितलं आणि का सांगितलं तेवढंच वाढलं.

आता तिला विचारा, गेल्या वर्षभरात तू असा सल्ला किती वेळा दिलास. बऱ्याचदा दिलेला असतो, पण बॉसच्या नावाने ईमेल गेलेला असतो आणि तिला वाटतं की ते आपलं काम नव्हतंच. आणि दिलेलाच नसेल तर फॉर्मची घाई नको, आधी बॉसकडे कामं मागायची, की पुढचा टेंडर रिपोर्ट मी ड्राफ्ट करते, पुढच्या व्हेरिएशनची (कामातल्या बदलाची) रेकमेंडेशन मी लिहिते, तुम्ही तपासा. सहा-आठ महिने असं केलं तर लिहायला माल मिळतो. मालाशिवाय लिहिलेलं सबमिशन वाचणाऱ्याला पहिल्या पानात कळतं.

लिहिताना आपल्या मुलांची आणखी एक खोड नडते. 'आम्ही केलं.' आम्ही बिल सबमिट केलं, आमच्या टीमने क्लेम तपासला. आपल्याला मी मी म्हणणं उद्धटपणा वाटतो, घरी तसंच शिकवलेलं असतं, पण तिथे टीमला मेंबरशिप द्यायची नसते. मी काय केलं तेच लिहायचं, आणि जे केलं नाही ते लिहायचं नाही. इंटरव्ह्यूतही तेच.

केस स्टडी 3,000 शब्दांची असते, शक्यतो गेल्या दोन वर्षांतल्या कामावर. इथे लोक सगळ्यात मोठा टॉवर निवडतात, नाव भारी म्हणून. मी म्हणेन छोटं काम निवडा, ज्यात दोन-तीन खऱ्या अडचणी आल्या आणि त्यावर तिने पर्याय मांडले, एक निवडला, नंतर कळलं की काय बरोबर होतं आणि काय वेगळं करायला हवं होतं. मॉलच्या साइटचं वर्णन करण्यात 1,000 शब्द घालवले की संपलंच.

मग तासाभराचा इंटरव्ह्यू, ऑनलाइन, इंग्रजीत. पहिली 10 मिनिटं ती केस स्टडी मांडणार, 10 मिनिटं त्यावर प्रश्न, मग अर्धा तास बाकीच्या विषयांवर, आणि उरलेल्या वेळात एथिक्स आणि नियम. एथिक्सला हलकं घेऊ नका, बाकी उत्तम झालं आणि इथे घसरली तर नापास करतात. 2022 पासून त्यांचे पाचच नियम आहेत, पाठ व्हायला वेळ लागत नाही, पण प्रश्न बांधकामाच्या साइटवरचे येतात. सबकॉन्ट्रॅक्टरने टेंडर उघडायच्या आदल्या आठवड्यात घरी महागडी खजुराची पेटी पाठवली तर काय करशील? आपण म्हणतो सणाचं आहे, घ्यायचं. तिथे उत्तर असं की टेंडर चालू असताना परत पाठवायची, वरिष्ठांना सांगायचं, कंपनीच्या रजिस्टरला नोंद करायची. खात्यात दिवाळीच्या दिवसांत तुमच्या दारात काय काय यायचं हे तुम्हाला मी सांगायला नको.

यात तुमचाच उपयोग करून घ्या असं मी म्हणेन. तुम्हाला टेंडर, एक्स्ट्रा आयटम, डेव्हिएशन सगळं कळतं. शनिवार-रविवारी तिला व्हिडिओ कॉलवर घ्या, तिच्या सबमिशनमधलं एक वाक्य वाचा आणि विचारा की का, मग परत विचारा की का, तिसऱ्यांदा ती चिडली की समजा योग्य जागी बोट पडलं. फक्त इंग्रजीत विचारा, मराठीत ती तुम्हाला गुंडाळेल. फिडिक तुम्हाला नवीन असेल पण खात्याच्या बी-वन, बी-टू या कॉन्ट्रॅक्ट फॉर्मवर काम केलेल्या माणसाला ते चार दिवसांत उमगतं.

तिला एक काउन्सेलर पण लागेल, माझ्यासारखा नाही हं, आरआयसीएसचा मेंबर असलेला, जो तिच्या अनुभवावर सही करेल. ऑफिसमध्येच कुणी असेल तर उत्तम. आणि सीपीडीची नोंद आजपासून ठेवायला सांगा, म्हणजे काय शिकलो त्याचे तास. तयारीच्या काळात वर्षाला 48 तास लागतात, सेमिनार, वाचन, वेबिनार सगळं चालतं, पण तारखा मागून आठवत बसलं की खोटं लिहिलं जातं.

भारतात उपयोग किती? सरकारी टेंडरमध्ये फारसा नाही, तुमच्या खात्यात तर कुणी विचारणारही नाही. पण पुण्या-मुंबईत ज्या आंतरराष्ट्रीय कॉस्ट कन्सल्टन्सी आहेत, किंवा इथे बसून लंडन-दुबईची कामं करणारी ऑफिसं आहेत, तिथे हे नक्की वजनाचं आहे. ती नाशिकला किंवा कराडला येऊन स्वतःची बिलिंगची फर्म काढणार असेल तर हा खर्च मी करायला सांगणार नाही. हे तिचं तिला ठरवू द्या.

तुम्ही बाळाचंही लिहिलंय, की पुढच्या वर्षी विचार आहे म्हणून त्याआधी उरकून टाकावं. उरकू नका. असेसमेंट वर्षात एकदाच येणारी गोष्ट नाही, एक फेरी सोडून पुढची घेता येते. कामाची नोंद आणि लेखन आता करून ठेवावं, इंटरव्ह्यू सोयीने.

फी पौंडात असते आणि मेंबर झाल्यावर दरवर्षी वर्गणीही असते, ती विसरून लोक नुसत्या अर्जाच्या फीचा हिशेब करतात. तिने आधी एचआरला विचारावं, बऱ्याच कंपन्या भरतात. भरतो म्हणाले तर त्याबदल्यात किती वर्षं राहायचं आणि आधी सोडलं तर किती परत द्यायचे हे लेखी मागावं, आणि ते कलम मला पाठवा, मी बघून सांगतो.