‘मग सहा रांजणांचं काय, मॅडम?’

दारूच्या त्रासानं गांजलेलं ख्रिस्ती कुटुंब जालन्यातल्या आमच्या समुपदेशन केंद्रात आलं, की बहुतेक वेळा पहिला प्रश्न ठरलेला असतो, “ख्रिस्ती माणसानं दारू प्यावी का? पाप आहे का ते?” मी स्वतः मंडळीतली, म्हणजे चर्चची सभासद, त्यामुळे निवाडा मीच द्यावा अशी अपेक्षा असते. अशाच एका जोडप्याची ही हकिकत. लिहायला दोघांची परवानगी आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

भाऊ सळईच्या कारखान्यात क्रेनवर, ताई अंगणवाडीत. ताईंनी पिशवीतून बायबल काढलं. पानापानांत कागदाच्या चिठ्ठ्या खोचलेल्या. नीतिसूत्रांचा तेविसावा अध्याय त्यांनी उभ्यानंच वाचला. डोळ्यांत लाली कोणाच्या, विनाकारण जखमा कोणाला, शेवटी सापासारखी डसते ती कोण. भाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मग काना गावच्या लग्नातल्या सहा रांजणांचं काय, मॅडम? पाण्याचा द्राक्षारस प्रभूनंच केला ना? पौलानं तीमथ्याला पोटासाठी थोडा घे म्हणून लिहिलं का न्हाई?”

पौल हा प्रेषित, तीमथ्य त्याचा तरुण सहकारी. वचनं दोघांचीही खरी होती. घरी हाच वाद चार वर्षं चालला होता, आणि तेवढ्या काळात एका क्वार्टरच्या दोन झाल्या होत्या.

मला जे वाटतं ते मी आडपडदा न ठेवता सांगितलं. पवित्र शास्त्र द्राक्षारसाला पाप म्हणत नाही, पिऊन झिंगण्याला म्हणतं. कॅथलिकांच्या मिस्सेत, म्हणजे उपासनेत, आजही खरा द्राक्षारस असतो. साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती पंथाचे ‘सैनिक’ म्हणवणारे सभासद मात्र दारूला शिवणार नाही अशी प्रतिज्ञा करतात. ख्रिस्ती म्हणून दोघांपैकी कोणी कमी ठरत नाही. पण रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात पौल म्हणतो, की माझ्या पिण्यानं भाऊ अडखळत असेल तर न पिणंच बरं. ज्या घरात एकाला थांबता येत नाही, त्या घरात नाताळलाही बाटली येऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

मग तीमथ्याच्या ‘थोड्या’चा हिशोब कागदावर मांडला. क्वार्टर म्हणजे 180 मिली, त्यात 42.8 टक्के अल्कोहोल, म्हणजे सुमारे 60 ग्रॅम. 150 मिली वाईनमध्ये ते साधारण 14 ग्रॅम. दोन क्वार्टर म्हणजे वाईनचे आठहून जास्त ग्लास, आणि तेही रोज. पौलाच्या काळात ऊर्ध्वपातन करून काढलेली कडक दारू नव्हतीच. भाऊ आकड्यांकडे पाहत राहिले.

मी विचारलं, “सकाळी हात कापतात का?”

ते बोलले नाहीत. ताई म्हणाल्या, “चहाचा कप उचलत न्हाईत. बशी टेबलावरच ठेवतेत आन् खाली वाकून वरपतेत.”

एवढं कळल्यावर मी वचनांचा विषय बाजूला ठेवला. “आजवर कधी एकदम सोडली होती का?”

सोडली होती. मागच्या वर्षी लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या, पहिल्या बुधवारी, मंडळीसमोर उभं राहून. पहिली रात्र झोपेविना, घामात गेली. तिसऱ्या रात्री भिंतीवर मुंग्या दिसायला लागल्या, वारलेल्या वडिलांशी बोलणं सुरू झालं. घरच्यांना वाटलं, अशुद्ध आत्मा. प्रार्थनेचा गट आला, कपाळाला तेल लावून रात्रभर प्रार्थना झाली. पहाटे मेहुण्यानं घाबरून क्वार्टर आणली. दोन घोटांत थरथर थांबली.

“तवाच कळलं,” भाऊ म्हणाले, “देवानं मला टाकून दिलं.”

हे मी अनेक घरांत ऐकलं आहे, म्हणून इथे सविस्तर सांगते. दारू मेंदूला सुस्तावते. रोज पिणाऱ्याचा मेंदू तिच्याविरुद्ध सतत जोर लावायला शिकतो. दारू एकदम काढली की तो जोर तेवढाच राहतो, आणि मग थरथर, घाम, धडधड, निद्रानाश सुरू होतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भास, भ्रम. डॉक्टर त्याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. वेळेत उपचार झाले नाहीत तर जीवही जातो. त्या रात्री हवा होता दवाखाना. प्रार्थना तिथे खाटेशेजारी बसूनही झाली असती.

भाऊ बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “म्हंजे त्यो आजार व्हता?” आणि पहिल्यांदा रडले.

ताईंनी जाता जाता हळूच विचारलं, भाजीत कालवून द्यायची गोळी मिळते म्हणे? नाही, ताई. त्या गोळीवर माणूस नकळत प्याला तर रक्तदाब कोसळू शकतो, हृदयावर येऊ शकतं. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, घेणाऱ्याला सगळं सांगूनच द्यायची असते.

भाऊ सरकारी दवाखान्यात मानसोपचाराच्या वॉर्डात भरती झाले. गोळ्यांचा डोस रोज थोडा उतरवत नेला, थायमिनची म्हणजे बी-1 ची इंजेक्शनं दिली. या खेपेला मुंग्या दिसल्या नाहीत. नंतर दोनदा घसरले, परत आले. ताईंनी चिठ्ठ्या काढून टाकल्या. मी सांगितलं नव्हतं, त्यांचं त्यांनी ठरवलं.

एक प्रश्न भाऊंनी फार संकोचून विचारला. प्रभुभोजनाचा, म्हणजे उपासनेत भाकरीबरोबर देतात तो द्राक्षारसाचा, प्याला घ्यावा का? मी त्यांच्या चर्चच्या पाळकसाहेबांना, म्हणजे धर्मगुरूंना, फोन केला. त्यांच्या मंडळीत मनुके भिजवून, उकळून, गाळून रस करतात, त्याच सकाळी ताजा. मेथॉडिस्ट असलेल्या थॉमस वेल्च या दंतवैद्यानं 1869 मध्ये अमेरिकेत द्राक्षाचा रस न आंबता टिकवला, तो प्रभुभोजनासाठीच. भाऊंनी प्याला घेतला.

यंदा लेंटच्या आधी पाळकसाहेबांनी माझ्याकडून चार ओळी लिहून घेतल्या आणि रविवारच्या सूचनांत वाचल्या: जे रोज पितात त्यांनी सोडण्याचा नवस जरूर करावा, पण एकदम बंद करण्याआधी डॉक्टरांना भेटावं, व्यसनमुक्तीसाठी 14446 आणि मानसिक आरोग्यासाठी 14416 हे सरकारी हेल्पलाइन क्रमांक आहेत.

उपासना सुटल्यावर दोघे जण चपलांपाशी घुटमळत होते. त्यातला एक जवळ आला. “सलाम मॅडम,” तो म्हणाला, “रोज म्हंजे कसं धरायचं? रविवारी मी घेत न्हाई.”

आम्ही ओट्यावर बसलो.